हिमोग्रामात हृदय वाचता येतं का?



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांचं आणि माझं नातं रक्ताचं होतं. ते रुग्णांचं रक्त पाठवायचे आणि मी ते मोजायचो. मी पॅथॉलॉजिस्ट. आम्हाला रुग्णाचा चेहरा क्वचितच दिसतो. आमच्याकडे येते ती जांभळ्या टोपणाची नळी आणि तिच्यावर चिकटवलेलं नाव. संयोजकांनी यंदा हृदयविकारावर बोला म्हटलं, तेव्हा मी सुचवून पाहिलं की गावात उत्तम कार्डिऑलॉजिस्ट आहेत, त्यांना बोलवा. ते म्हणाले, त्यांना ऐकून झालंय. तेव्हा आज जे सांगणार आहे ते नळीच्या बाजूने सांगणार आहे.

आपण ज्याला सीबीसी किंवा हिमोग्राम म्हणतो, त्या दोन-तीनशे रुपयांच्या तपासणीतल्या आकड्यांचा हृदयाच्या रोहिण्यांत वर्षानुवर्षं वाढत जाणाऱ्या आजाराशी काही संबंध आहे का? आहे. किती आहे, आणि त्याचं करायचं काय, यातच सगळी गोम आहे.

पेशी मोजण्याचा उद्योग तसा फार जुना नाही. जर्मनीत ट्युबिंगेनच्या कार्ल फिअरऑर्ट यांनी १८५२ मध्ये रक्तपेशी मोजण्याची पहिली पद्धत मांडली. १८७९ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी रंग वापरून पांढऱ्या पेशींच्या जाती वेगळ्या केल्या. वॉलेस कुल्टर या अमेरिकन माणसाने बारीक छिद्रातून पेशी सोडून, विजेच्या प्रवाहातल्या फरकावरून त्या मोजण्याची युक्ती काढली आणि १९५३ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. त्याआधी, आणि आपल्याकडे त्यानंतरही बराच काळ, न्यूबाउअर चेंबरच्या चौकोनांवर डोळे ताणून मोजणी चालायची. आज यंत्र मिनिटभरात हजारो पेशी मोजतं आणि वर कुणी न मागितलेले दहा आकडे छापून देतं. आजचा विषय बराचसा या न मागितलेल्या आकड्यांचा आहे.

आधी रोहिणीत घडतं काय ते पाहू. ‘ब्लॉकेज’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे क्षार साचून अरुंद झालेला नळ येतो. हे चित्र सोपं आहे आणि त्यामुळेच त्याने फार नुकसान केलं आहे. नळ निर्जीव असतो; त्यातून जाणारं पाणी त्याच्या भिंतीत शिरून तिथे संसार थाटत नाही. रोहिणीच्या भिंतीत नेमकं तेच होतं. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरतं, तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होतं. अस्तराच्या पेशी मग आपल्या अंगावर चिकट रेणू उभे करतात. रक्तातून वाहत चाललेल्या मोनोसाइट पेशी त्यांना अडखळतात, भिंतीत शिरतात, तिथे त्यांच्या मॅक्रोफेज होतात आणि त्या कोलेस्टेरॉल गिळत सुटतात. गिळून गिळून त्यांच्या पोटात इतके मेदाचे थेंब साठतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाळ दिसतात. पुढे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात. हे स्फटिक मॅक्रोफेजच्या आतली धोक्याची यंत्रणा चालू करतात, तिच्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर पडतं, त्यातून इंटरल्यूकिन-६, आणि त्याचा निरोप यकृताला पोचला की यकृत सीआरपी तयार करतं. रुग्णाच्या फाइलीत दिसणारा ‘एचएस-सीआरपी’ हा या साखळीचा शेवटचा दुवा.

म्हणजे आपण ‘ब्लॉकेज’ म्हणतो त्या रोहिणीतल्या थराचा मोठा वाटा अस्थिमज्जेतून निघालेल्या पेशींनी घातलेला असतो. हे आता पाठ्यपुस्तकात आहे, पण तिथवर पोचायला दीड शतक लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणत होते की हे रक्ताच्या गुठळ्यांचे थर आहेत, तर फिरखो म्हणत होते की हा भिंतीचा दाह आहे. दोघे पॅथॉलॉजिस्ट, दोघेही अर्धे बरोबर. मग १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत तसेच थर उभे केले, आणि पुढची कित्येक दशकं दाहाचा मुद्दा मागे पडला. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये लेख लिहिला, त्याचं शीर्षकच असं होतं की हा दाहाचा आजार आहे. तोवर फिरखोंना जाऊन जवळजवळ शंभर वर्षं झाली होती.

इथे एक कंस उघडतो. दाहाचं नाव निघालं की व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो निरोप कुणाला तरी आठवतो: ‘कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांचं थोतांड, खरा शत्रू दाह.’ कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना जन्मतःच फार चढं एलडीएल मिळतं, त्या घराण्यांत तिशी-चाळिशीतच झटके येतात. दाहाची ठिणगी पडायला इंधन हेच कोलेस्टेरॉल आहे. कंस बंद.

आजार सुरू कधी होतो? १९५३ मध्ये कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. सरासरी वय २२. त्यांपैकी ७७ टक्क्यांच्या हृदयरोहिण्यांत आजाराच्या खुणा होत्या. म्हणजे पन्नाशीत छातीत दुखायला लागतं तेव्हा आजाराचं वय तीस वर्षांचं असतं. आणि अँजिओग्राफीलाही तो उशिरा दिसतो. १९८७ मध्ये सीमोर ग्लागोव्ह यांनी दाखवलं की थर वाढत असताना रोहिणी बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली वाट मोकळी ठेवते. थराने साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत वाट अरुंद होत नाही. अँजिओग्राफी फक्त वाट दाखवते. हे लक्षात ठेवा, कारण ‘आजार वाढला’ असं जेव्हा एखादा शोधनिबंध म्हणतो, तेव्हा तो नेमकं काय मोजतोय हे विचारायला हवं.

आता आकडे. पांढऱ्या पेशी, म्हणजे टोटल काउंट, साधारण ४,००० ते ११,०००. त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, मग लिम्फोसाइट, थोडे मोनोसाइट, थोडे इओसिनोफिल. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी आरोग्य तपासणी करून गेलेल्या लोकांचे जुने कागद काढले. ज्यांना पुढे झटका आला त्यांचा पांढऱ्या पेशींचा आकडा आधीपासूनच इतरांपेक्षा चढा होता. चढा म्हणजे रोगट नव्हे. ‘नॉर्मल’ म्हणून शिक्का मारलेल्या मर्यादेच्या आतच, पण वरच्या अंगाला. त्यावर पहिला आक्षेप कुणीही घेईल: सिगारेट ओढणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात आणि त्यांनाच झटकेही जास्त येतात. आक्षेप रास्त आहे. पुढच्या अभ्यासांनी धूम्रपान हिशेबात घेऊन पाहिलं, संबंध कमी झाला, पण पुसला गेला नाही.

मग लोकांनी एकूण आकड्याऐवजी जातींकडे पाहायला सुरुवात केली. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, म्हणजे एनएलआर. हे गुणोत्तर २००१ मध्ये स्लोव्हाकियातल्या झाहोरेक या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी सुचवलं होतं. कल्पना सुंदर आहे. शरीरावर ताण आला की कॉर्टिसॉल वाढतं. त्याने न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. वरचा आकडा वर, खालचा खाली, त्यामुळे भागाकारात ताण ठळक दिसतो. निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ च्या मध्ये असतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांवर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी हे गुणोत्तर लावून पाहिलं. एकूण पांढऱ्या पेशींपेक्षा ते मृत्यू आणि झटक्याचा अंदाज बरा देत होतं. २०२१ मध्ये तर पाच मोठ्या औषध-चाचण्यांमधल्या मिळून ६०,००० हून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या आणि एनएलआर जितका चढा तितके पुढचे झटके आणि मृत्यू जास्त, हे पुन्हा दिसलं.

न्यूट्रोफिलकडे हृदयवाल्यांनी फार दिवस दुर्लक्ष केलं होतं, कारण तो टिकत नाही. अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल बनवते आणि रक्तात ते तासांच्या हिशेबात जगतात. जुन्या थरात शोधायला गेलं तर सापडणार कसे? २००४ मध्ये कळलं की मरताना न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो, जंतू पकडायला. हीच जाळी झटका आलेल्या रोहिण्यांमधून काढलेल्या गुठळ्यांत सापडली. प्लेटलेट त्यात अडकतात, गुठळी पक्की होते.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की घरी जाऊन रिपोर्ट काढावा आणि भागाकार करावा. जरा थांबा. आता माझ्या दुकानातली गोष्ट सांगतो.

एनएलआर, प्लेटलेट-लिम्फोसाइट गुणोत्तर, मोनोसाइट-एचडीएल गुणोत्तर, आणि प्लेटलेट, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट तिन्ही एकत्र करून काढलेला एक निर्देशांक, जो मुळात २०१४ मध्ये चीनमध्ये यकृताच्या कॅन्सरसाठी काढला होता. या प्रत्येकावर आणि हृदयरोहिण्यांच्या आजारावर शोधनिबंधांचा पूर आला आहे. कारण उघड आहे. यंत्र आकडे फुकट देतं, हॉस्पिटलच्या संगणकात हजारो रिपोर्ट पडलेले असतात, आणि एमडीच्या प्रबंधाची तारीख जवळ आलेली असते. बहुतेक निबंध असे आहेत: अँजिओग्राफी झालेले रुग्ण घ्यायचे, त्यांचे गुणोत्तर काढायचे, आजार किती रोहिण्यांत आहे याच्याशी जोडायचं. मर्यादा ठरवताना कुणी २.५ धरतो, कुणी ३, कुणी ५. कारण प्रत्येकाने स्वतःच्याच रुग्णांवर जिथे फरक सर्वात सुबक दिसला तिथे रेघ मारलेली असते. एकाची रेघ दुसऱ्याच्या रुग्णांवर उतरत नाही.

आजाराच्या वाढीवरचे निबंध तर आणखी सावधपणे वाचावे लागतात. वाढ दाखवायला दोन अँजिओग्राफी लागतात. दुसरी अँजिओग्राफी करून घ्यायला कोण येतं? ज्याला पुन्हा त्रास झाला तो. जो सुखरूप घरी आहे तो त्या अभ्यासात नाहीच. आणि ज्याला त्रास होतोय त्याच्या रक्तात ताणाच्या खुणा असणार हे सांगायला अभ्यास लागत नाही. झटका आल्याबरोबर काढलेल्या रक्तात एनएलआर चढलेलाच असतो. मेलेल्या स्नायूची साफसफाई करायला न्यूट्रोफिल धावलेले असतात. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्या तासाला काढलेली नळी सांगू शकत नाही.

मग नळीचे स्वतःचे दोष. एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार. मोठे प्लेटलेट जास्त चिकट, म्हणून मोठा एमपीव्ही वाईट, असा सिद्धान्त. पण जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं आणि त्यात प्लेटलेट फुगत जातात. सकाळी सातला गावात काढलेली नळी दुपारी दोनला तालुक्याच्या लॅबमध्ये पोचली तर रुग्णाचा धोका वाढलेला दिसेल. वाढलेला असतो तो एसटीचा वेळ. आमच्या क्षेत्रातल्या किती निबंधांनी रक्त काढल्यापासून मोजेपर्यंतचा वेळ नोंदवला आहे ते पाहा, बरंच काही कळेल.

आरडीडब्ल्यू हा त्याहून गमतीचा. तांबड्या पेशींच्या आकारात किती विषमता आहे ते तो सांगतो, १४.५ टक्क्यांपर्यंत ठीक. हृदयाशी त्याचा काय संबंध, असं आम्हीही विचारलं होतं. २००७ मध्ये हृदय निकामी झालेल्या रुग्णांत आणि २००८ मध्ये आधी झटका येऊन गेलेल्यांत दिसलं की आरडीडब्ल्यू चढा असणारे लवकर दगावतात. दाहामुळे लोहाचा वापर बिघडतो, मज्जेचं काम विस्कळीत होतं, मूत्रपिंडं थकलेली असतात. या सगळ्याची सावली त्या एका आकड्यात पडत असावी. पण हा आकडा आपल्याकडे आणून वापरताना काय होतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोहाची कमतरता आरडीडब्ल्यू चढवते आणि कित्येकदा प्लेटलेटही. आरडीडब्ल्यू १७ असलेल्या बाईंना कार्डिऑलॉजिस्टकडे पाठवण्याआधी त्यांची फेरिटिन तपासा आणि पाळीत रक्त किती जातं ते विचारा. हृदय त्यानंतर.

तसंच डेंग्यूने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पाडलेले असतात, दम्याच्या स्टेरॉइडने न्यूट्रोफिल चढवलेले असतात, दाढेखाली पू असतो. आफ्रिकी वंशाच्या अनेक निरोगी लोकांत न्यूट्रोफिल जन्मतःच कमी असतात. एकच रेघ साऱ्या जगाला चालणार नाही हे तिथेही दिसतं.

मग हे सगळं फोल आहे का? मला तसं वाटत नाही, आणि याचं कारण निबंधांच्या ढिगात सापडत नाही, ते उंदरांवरच्या आणि औषधांवरच्या प्रयोगांत आहे. २०१२ मध्ये बॉस्टनच्या नाहरेनडॉर्फ आणि स्विर्स्की यांच्या गटाने उंदरांना झटका आणून दाखवलं की झटक्यानंतर शरीरात दुसरीकडे असलेले जुने थर वेगाने वाढतात. झटक्याची वेदना आणि भीती सिंपथेटिक मज्जातंतूंमार्फत अस्थिमज्जेला हलवते. तिथून मूळपेशी सुटून प्लीहेत जातात, तिथे मोनोसाइट तयार होतात, आणि ते थरांत जाऊन बसतात. एक झटका दुसऱ्याला बोलावतो, तो असा. दोन वर्षांनी त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी आयसीयूत राबणाऱ्या निवासी डॉक्टरांचं रक्त तपासलं. ड्युटीच्या काळात त्यांच्या पांढऱ्या पेशी सुट्टीच्या काळापेक्षा चढ्या होत्या. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांना हे वाचून नवल वाटणार नाही. संसर्गाचंही तसंच: फ्लूची लागण प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या लोकांत पहिल्या सात दिवसांत झटक्याचं प्रमाण सहापट होतं, असं २०१८ मध्ये कॅनडातून प्रसिद्ध झालं. हृदयरोग्याने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी असं मी सांगतो ते याच्यासाठी.

आणि औषधं. २०१७ चा कँटोस प्रयोग: झटका येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण, सीआरपी चढा. त्यांना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब दिलं. एलडीएल जसंच्या तसं राहिलं, तरी मधल्या मात्रेवर झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. फिरखो जिंकले म्हणा. पण जीवघेणे संसर्ग वाढले, एकूण मृत्यू घटले नाहीत, आणि किंमत परवडणारी नव्हती. याच औषधाने एनएलआरही खाली आला होता. पुढे संधिवाताचं मेथोट्रेक्सेट वापरून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. दाह म्हणजे एकच गोष्ट नाही, कुठला धागा ओढता त्यावर सगळं आहे.

मग कोल्चिसिन आलं, गाऊटचं जुनं औषध. ते पेशीच्या आतल्या सूक्ष्म नळ्या जुळू देत नाही, त्यामुळे न्यूट्रोफिलची हालचाल मंदावते. हे द्रव्य तुमच्या ओळखीच्या वेलीत आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलते ती कळलावी. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते. २०१९ च्या कोलकॉट प्रयोगात झटक्यानंतर रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन दिल्यावर पुढच्या घटना २३ टक्क्यांनी घटल्या, २०२० च्या लोडोको-२ मध्ये स्थिर रुग्णांत ३१ टक्क्यांनी. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. आणि २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या क्लिअर सिनर्जी प्रयोगात झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनने काहीही फरक पडला नाही. विज्ञान असं चालतं, त्याला इलाज नाही. माझा कल असा की स्थिर रुग्णांच्या एका गटाला त्याचा उपयोग आहे, पण तो गट कोणता हे कुठल्या आकड्यावरून ओळखायचं ते ठरायचं आहे. एनएलआरला खरी नोकरी मिळाली तर ती इथे मिळेल.

रक्तपेशींचा सर्वात खोल निरोप मात्र हिमोग्रामात दिसतच नाही. वय वाढतं तसं मज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत टीईटी-२ किंवा डीएनएमटी-३ए अशा जनुकात बदल होतो आणि तिची प्रजा इतरांपेक्षा जास्त वाढते. सत्तरीपुढच्या दहातल्या एकाहून अधिक लोकांत हे सापडतं. कॅन्सर नाही, काउंट नॉर्मल. पण त्या प्रजेतले मॅक्रोफेज जास्त तापट निघतात. २०१७ मध्ये जयस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा लोकांत हृदयरोहिण्यांच्या आजाराचा धोका १.९ पट, आणि तरुणपणीच्या झटक्याचा ४ पट. वडिलांना झटका नाही, साखर नाही, तंबाखू नाही, तरी गेले, अशा काही कोड्यांचं उत्तर इथे असेल.

आपल्यापैकी बहुतेकांची कोडी मात्र इतकी अवघड नाहीत. दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर जगात ५८.८ व्या, असं इंटरहार्ट अभ्यासात दिसलं. आणि त्याच अभ्यासात तंबाखू, मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण वगैरे नऊ गोष्टींनी जवळजवळ सगळा धोका समजावता आला. या नऊंपैकी एकीलाही हिमोग्राम लागत नाही.

चिठ्ठ्या आधीच गोळा झाल्या आहेत, त्यांतल्या तीन घेतो. पहिली: दरवर्षी एनएलआर काढून ठेवावा का? मुद्दाम नको. हिमोग्राम कुठल्याही कारणाने झाला असेल तर रिपोर्ट टाकून देऊ नका, फायलीत लावा. एकाच लॅबमधले, ताप-सर्दी नसतानाचे आकडे स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. सतत चढत असतील तर दात, तंबाखू, झोपेतलं घोरणं, साखर, औषधं, या क्रमाने डॉक्टरांशी बोला. दुसरी: पांढऱ्या पेशी कमी करायला काय खावं? काही खाऊ नका, ओढणं सोडा. सोडल्यावर काउंट उतरतो हे आम्हाला लॅबमध्ये दिसतं.

तिसरी चिठ्ठी विचारते, हृदयासाठी कळलावीचा कंद उगाळून घेतला तर चालेल का? अजिबात नाही. कोल्चिसिनमध्ये औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, कंदात ते किती आहे याचा अंदाज बांधता येत नाही, आणि कंद खाऊन माणसं दगावली आहेत. मूत्रपिंडं अधू असतील किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर गोळीचीसुद्धा मात्रा सांभाळावी लागते. ज्यांनी ही चिठ्ठी लिहिली त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावं. कंद कुणी दिला ते मला विचारायचं आहे. आणि आधीच घेतला असेल तर माझ्यासाठीही थांबू नका, इथूनच सरळ हॉस्पिटल गाठा.